बुडवणारा हात

“ज्याच्या चपला दाराबाहेर सरळ रेषेत असत्यात त्याला खोली द्यायची, बाकीच्यांचं आधार कार्ड बघायचं,” असं हौसराव नवले एकदा चहाच्या टपरीवर म्हणाला होता, आणि कारेगावातले समदे खोलीमालक त्यावर पोट धरून हसले होते.

हौसराव मात्र हसला नव्हता. गाव त्याला मेजर म्हणतं. तो मेजर कधीच नव्हता, हवालदार म्हणून निवृत्त झाला. पण फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस गावाच्या लेखी मेजरच. नोकरीची निम्मी वर्षं त्यानं ईशान्येच्या डोंगरात काढली, ब्रह्मदेशाच्या हद्दीला लागून. खाली एक नदी, नदीपलीकडं तसेच डोंगर, तसंच धुकं, फक्त देश दुसरा. सुट्टीवर आला की तो म्हणायचा, “पलीकडं काय होतंय ते ऐकू येतं, पन आपल्याला बघायचा हुकूम न्हाई.” कायमचा घरी आला तेव्हा बापाच्या बाजरीच्या रानात कंपनीची भिंत उभी होती. उरलेल्या तुकड्यात त्यानं पत्र्याच्या खोल्या काढल्या. मागच्या रानात बायकोनं, पुतळाबाईनं, झेंडू लावला. खोल्यांत बिहारी आले, ओडिया आले, मराठवाड्यातली पोरं आली आणि गेली. हौसराव रोज सकाळी खोल्यांपुढून एक चक्कर मारायचा. कुणाच्या दारात काय पडलंय ते बघायचा. ही चक्कर म्हणजे त्याची उरलेली नोकरी होती.

थांगा आणि सुई त्याच्याकडं आले तेव्हा त्यांच्याकडं सामान असं नव्हतंच. दोन पिशव्या आणि एक गिटार. थांगा पन्नाशीचा, बुटका, चेहऱ्यावर हसू चिकटवल्यासारखा. सुई त्याची मेहुणी, केस लवकर पांढरे झालेली. दोघं आपसात बोलले आणि हौसरावचे कान टवकारले. तो खुर्चीतून उठला आणि तिकडच्या डोंगरातला नमस्कार म्हणाला, “चिबाई.”

सुईनं तोंडावर हात घेतला आणि ती खाली बसली.

मग कळलं ते सगळं त्या नदीपलीकडचं होतं. तिथं फौज आणि लोक यांच्यात लढाई पेटली होती, आणि ती विझायची चिन्हं नव्हती. थांगा आपल्या गावाचा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू होता. गाव बाप्टिस्ट, घरटी सगळे. फौजेनं आधी विमानांतून बॉम्ब टाकले, मग चर्च जाळलं, मग चर्चभोवतीची घरं जाळली. सुईचा नवरा चर्चची घंटा काढून आणायला गेला होता, तो आला नाही. घंटा पितळेची होती, एवढंच ती त्याबद्दल बोलायची.

खोली मिळाली. भाडेकरूंची माहिती द्यायला हौसराव स्वतः चौकीत गेला. “मिझोरामकडचे हायत,” एवढं म्हणाला. उरलेलं त्यानं सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. तेव्हापासून चौकीपुढून जाताना तो मान वळवून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला बघू लागला.

गावानं थोडी कुजबुज केली. रविवारी खोलीतून गाणी ऐकू यायची. जालिंदर टपरीवाला म्हणाला, “मेजर, तुमच्या खोल्यांत धर्म बाटवत्यात म्हणं.”

“तुला कोन बाटवतोय? तू देवळात जातोस तरी कवा?”

“आवो, मी आपलं लोक म्हनत्यात ते सांगितलं.”

“लोकान्ला म्हनावं, चहाचं उधार द्या आधी.”

जालिंदर हसला, पण नंतर गाणी सुरू झाली की टपरीवरची माणसं बोलायची थांबायची. गाणं संपेपर्यंत थांबायची आणि मग एकमेकांकडं बघायची.

थांगा कंपनीत खोकी भरायचा. सुई पुतळाबाईच्या झेंडूत यायची. खुरपताना, फुलं तोडताना दोघींचं बोलणं सुरू झालं आणि दोन हंगामांत सुई कारेगावची मराठी बोलू लागली, थेट पुतळाबाईच्या तोंडची. “सुई म्हंजी त्यांच्यात सोनं म्हणं,” पुतळाबाई शेजारणींना सांगायची, “आन् आपल्यात टोचायची. बाईबी तशीच हाय. सोन्यावानी, पन टोचंल कवा सांगता येत न्हाई.”

मिंटू आला तो दिवाळीच्या आसपास. नाव मिन थू, पण शेजारच्या बिहाऱ्यांनी पहिल्याच दिवशी त्याचा मिंटू केला. एकटाच, पंचविशीतला, ब्रह्मदेशातल्याच सपाटीवरचा. फौज पोरांना घरातून ओढून भरती करते म्हणून पळून आलो, असं त्यानं थांगाला सांगितलं. आई बुद्धाची पूजा करते, बाप नाही. त्याची भाषा वेगळी, पण सरकारी शाळेतली बर्मी भाषा थांगा-सुईलाही येत होती. थांगानं त्याला जेवायला बसवलं. दुसऱ्या दिवशीही बसवलं. मिंटू त्यांचा पंखा दुरुस्त करू लागला, सुईच्या पाण्याच्या कळशा उचलू लागला. रविवारी दाराशी बसून गाणी ऐकू लागला, मग आत बसून.

हौसरावनं पहिल्याच चकरेत त्याच्या चपला पाहिल्या. दाराबाहेर, भिंतीला टेकून, टाचा आत, तोंडं बाहेर. उठलं की पाय घालून पळता यावं अशा. आत कांबळ्याची घडी विटेसारखी चौकोनी. पोरगा जेवताना पाठ भिंतीला लावून, तोंड दाराकडं करून बसायचा. कितीतरी वर्षांत त्याला असं घरचं माणूस भेटलं नव्हतं.

“गडी फौजेतला हाय,” तो पुतळाबाईला म्हणाला.

तिनं भाकरी उलटली. “त्यानं सांगितलं का?”

“सांगायला कशाला पायजे?”

“मग तुमीबी सांगायचं न्हाई. माणूस एखादी गोष्ट झाकतो तवा ती उगं झाकत न्हाई. तोंडाला कुलूप घाला.”

“मी काय बोलतोय?”

“तुमचं तोंड न्हाई बोलत, तुमचं समदं अंग बोलतं. त्याला बघून सॅल्यूट मारायला निघाल्यागत करता.”

हौसरावनं कुलूप घातलं. पण त्यानं मिंटूला जुनी जर्सी दिली. सकाळी दोघं न बोलता वाळलेली पानं झाडू लागले, एका लयीत. पोरगा कुठल्या फौजेतला, हा प्रश्न हौसरावच्या मनात आला नाही. आला असेल तर त्यानं तो बसू दिला नाही. त्याच्या लेखी फौज एकच होती. तिच्यात कपडे वेगवेगळे होते.

थंडी वाढली तसा थांगा एकदा ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, मिंटूनं बाप्तिस्मा मागितलाय.

“मंग द्या की. पानी शिंपडायचं एवढंच ना?”

थांगा हसला. त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत समजावलं. आम्ही बाप्टिस्ट. आमच्यात तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत. मोठ्या माणसानं आपणहून मागायचं. मग सगळ्या मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची, आजवर काय केलं ते बोलायचं. कुणीही काहीही विचारू शकतं. मग हात वर करून मंडळी ठरवते, घ्यायचा की नाही. पाळक एकटा ठरवू शकत नाही. हात वर झाले तर त्याच दिवशी नदीत नेऊन पुरता बुडवायचा, डोक्यासकट. पाण्याखाली जुना माणूस मरतो आणि वर येतो तो नवा.

“आन् वर नाय आला तर?” हौसराव म्हणाला. त्याला ही थट्टा वाटली.

“जो हाथ डुबाता है, वही निकालता है,” थांगा म्हणाला. आपले हात त्यानं पुढं करून दाखवले. खोकी बांधून पट्ट्यांनी कापलेले जाड हात.

मंडळी एखाद्या रविवारी दौंडला जमायची, आणि कधीकधी हौसरावच त्यांना न्यायचा. कुरकुंभच्या कारखान्यांत कामाला असलेली त्यांची माणसं होती, त्यांनी रेल्वे लाइनीपलीकडं एका बंद वेल्डिंग शॉपचं शेड भाड्यानं घेतलं होतं. मागं थोडं चाललं की भीमा. पुतळाबाईचं माहेर तिथंच काठावर, त्यामुळं तो सगळा काठ हौसरावच्या पायाखालचा. ठरल्या रविवारी त्यानं आपली पिकअप काढली. पुढं तो आणि थांगा, मागं सुई, मिंटू आणि थांगाच्या गावचे, आता त्याच्याच कंपनीतले दोघे भाऊ, ज्यांचा तिसरा भाऊ तिकडं डोंगरात फौजेशी लढत होता. दोघे भाऊ कधी बोलायचे नाहीत. मोबाईल बघत बसायचे. कधीकधी बघता बघता एकाचा जबडा हलायचा, मग दुसऱ्याचा.

न्हावरा गेलं, पारगावचा पूल गेला, चौफुला गेला. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडलेला. पाटसच्या अलीकडं हवेत कारखान्याच्या मळीचा वास भरला, तेव्हा हौसरावनं चहासाठी गाडी बाजूला घेतली. सगळे उतरले. ऊन पडलं होतं पण त्यात ऊब नव्हती. समोरून दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टर कण्हत येत होता, ऊस आभाळापर्यंत रचलेला.

ट्रॉलीचं टायर फुटलं.

आवाज असा झाला की टपरीवरची कपबशी पडली. हौसराव गाडीच्या मागं उभा होता, त्याला सगळं दिसलं. थांगानं, सुईनं, दोघा भावांनी एकदम वर पाहिलं. आभाळात. चौघांच्या माना एकाच वेळी वर झाल्या आणि आभाळात काहीच नसताना तिथंच राहिल्या. विमानांनी ज्यांची घरं पाडली त्यांच्याच माना अशा वर जातात.

मिंटूनं वर पाहिलं नाही. तो केव्हाच खाली होता. कडेच्या नाल्यात पालथा, कोपर जमिनीत रोवलेलं, गाल उजव्या खांद्याला लावलेला, आणि जिथं काहीच नव्हतं तिथं डावा हात काहीतरी धरून.

हौसरावचं कुलूप गळून पडलं. तो मोठ्यानं हसला, टाळी वाजवली. “शाबास रे पठ्ठ्या! पोझिशन बघा कशी घेतली! मी पहिल्या दिवशीच वळखलं हुतं. मिंटू, तू तो पक्का फौजी है!”

ट्रॅक्टरवाला शिव्या देत खाली उतरत होता. चौघांच्या माना आभाळातून खाली आल्या आणि नाल्याकडं वळल्या. मिंटू उठला. त्यानं गुडघ्याची माती झटकली, परत झटकली, माती नव्हती तरी झटकत राहिला. थोरल्या भावानं मोबाईल काढला आणि त्याचा फोटो घेतला. घाई न करता, नीट.

थांगाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. फक्त त्याच्या मागं आता कुणी नव्हतं.

“चहा?” हौसराव म्हणाला. कुणीच घेतला नाही.

पाटस ते दौंड हौसराव आरशात बघत होता. मागं मिंटू मधे बसला होता आणि दोघे भाऊ त्याच्या दोन्ही बाजूंना. येताना ते असे बसले नव्हते. पोरांना ओढून भरती करणारी फौज, आणि तिच्यापासून पळून आलेला पोरगा. आजवर त्या चौघांना ठाऊक होतं ते एवढंच. पण तशी पोझिशन घ्यायला हाडं मुरावी लागतात. पळालेल्या पोराची हाडं तशी नसतात. हे हौसरावला आता कळत होतं, आणि त्याच्या तोंडात मळीचा वास उतरला होता. एकदा त्याच्या मनात आलं, पाटसकडं गाडी फिरवावी, कारेगावला जावं, पोराला रात्रीच्या एसटीत बसवून द्यावं. पण कुठं? आणि मागं दोघांच्या मधून त्याला बाहेर कसं काढायचं?

“थांगा,” तो हळूच म्हणाला, “आज राहू दे. पुढच्या रविवारी करू.”

थांगानं समोर बघत मान हलवली. “नहीं मेजर. आज ही.”

शेडमध्ये चटया टाकल्या होत्या. पंधरावीस माणसं असतील. लोखंडाच्या कामाचा जळका वास भिंतींत अजून होता. आधी एक गाणं झालं. हौसराव कडेला बसला आणि सुई त्याच्या शेजारी. नेहमीची तिची ही जागा. पाहुण्याला कळावं म्हणून ती त्याला मराठीत सांगायची.

मिंटू उभा राहिला. हात बाजूला ताठ. बर्मीत बोलू लागला, आणि सुई पुढं बघत हलक्या आवाजात सांगू लागली.

“म्हनतो, मी खोटं बोललो. म्हनतो, मी पळून आलो ते खरं हाय, पन आधी नोकरी केली. फौजेत.”

चटईवर कुणीतरी श्वास घेतला.

“म्हनतो, आईला पगार पाठवायचो. म्हनतो, डोंगरात पाठवलं आमाला. गाव मोकळं हुतं. माणसं रानात पळाली हुती.”

थोरल्या भावानं बर्मीत एक शब्द विचारला. मिंटूनं एका गावाचं नाव सांगितलं. ते नाव हौसरावनं सुईच्या तोंडून झेंडूच्या रानात कितीदातरी ऐकलं होतं. तिथला पेरू, तिथलं पाणी, तिथली थंडी.

सुई सांगायची थांबली नाही. तिचा आवाज होता तसाच राहिला, पुतळाबाईच्या शब्दांतला, खुरपताना असतो तसा.

“म्हनतो, चर्चला पेट्रोल वतलं. म्हनतो, कॅन माझ्या हातात हुता. काडी दुसऱ्यानं वढली. म्हनतो, एक माणूस आत हुता. घंटा सोडवत हुता. आमी त्याला बाहेर ये म्हनलं न्हाई.”

मिंटू बोलतच होता, पण आता हौसरावला कुणी काही सांगत नव्हतं. पोराचे ओठ हलत होते. दोन्ही हात अजून ताठ होते. मग तोही थांबला.

हौसरावला वाटलं, आता उठतील. आता धरतील. तो अर्धवट उठला. कुणीच उठलं नाही. बाहेरून मालगाडी गेली, तिचे डबे संपेनात. डबे संपले तेव्हा थांगा बोलला. रीतीप्रमाणं विचारलं असावं, कारण चटईवर हात वर होऊ लागले. एक, दोन, मग सगळेच. दोघा भावांचे हात सगळ्यात आधी वर झाले होते. शेवटी सुईनं हात वर केला. खांद्यापर्यंतच, जड वस्तू उचलावी तसा.

एकही हात खाली नव्हता. हौसराव ते हात बघत राहिला. त्याला हायसं वाटायला हवं होतं. डोंगरातल्या नोकरीत एकदोनदाच त्यानं अशी शांतता पाहिली होती, जेव्हा सगळे एकमतानं काहीतरी ठरवतात आणि कुणी कुणाकडं बघत नाही.

दोघे भाऊ उठले. शर्ट काढून त्यांनी खुंटीला अडकवले. धाकटा थांगाला काहीतरी म्हणाला.

“काय म्हनतोय?” हौसरावनं सुईला विचारलं.

“आमी उतरतो म्हनतो त्याच्यासंगं. दोन बाजूंनी धराय.”

“असं धरत्यात का तुमच्यात?”

“न्हाई,” सुई म्हणाली. “पाळक एकटाच धरतो.”

थोरला भाऊ हौसरावसमोर येऊन उभा राहिला. त्याचा आवाज हौसराव जवळजवळ पहिल्यांदाच ऐकत होता. “मेजर, नदी आपको मालूम है. गहरा किधर है?”

खोल कुठं आहे ते हौसरावला पक्कं माहीत होतं. वाळू उपसून उपसून काठाला विहिरीएवढे खड्डे पडलेले. वरून पाणी शांत, गुडघाभर वाटावं असं, आणि एक पाऊल पुढं टाकलं की माणूस नाहीसा. पुतळाबाईच्या माहेरी दरवर्षी कुणीतरी त्यात जायचं. त्यानं थांगाकडं पाहिलं.

“थांगा, तू एकटाच उतरणार ना? तुमच्या रीतीनं?”

थांगा खाली बसला होता. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्या चेहऱ्याखाली हा चेहरा होता हे हौसरावला माहीत नव्हतं. तो आपल्या हातांकडं बघत होता. मग त्यानं ते मांड्यांखाली दाबले.

“मेजर, मैंने हाँ बोला,” तो म्हणाला. “मुँह से बोला. पर अपने हाथों का भरोसा नहीं. इसको नीचे डालूँगा. ऊपर निकालूँगा कि नहीं, मालूम नहीं.”

“मंग आज नगं. मी घरी नेतो त्याला.”

“सबने हाँ बोला है. मैं अकेला तोड़ नहीं सकता. और वो आपके साथ नहीं आएगा. पूछो उसको.”

हौसरावनं मिंटूकडं पाहिलं. हौसरावनं दिलेली जर्सी काढून मिंटूनं तिची घडी घातली होती आणि तो दाराकडं तोंड करून उभा होता. पळायला दार मोकळं होतं. तो हलत नव्हता. ज्याला सगळं समजलंय आणि जो तरी जाणार आहे असा तो उभा होता. असं उभं राहायला कुठल्या फौजेत शिकवतात, हौसरावला आठवेना.

“मिंटू, चल गाडीत बस,” तो म्हणाला.

“नहीं, साहब.”

“मी धरतो त्याला मग,” हौसराव एकदम म्हणाला. “थांगा, तू तुझं जे काय म्हनायचं ते म्हन. बुडवतो मी, काढतो मी.”

“तुमाला हक्क न्हाई,” सुई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “तुमी आमच्यातलं न्हाई, मेजर. तुमी त्याच्यातलं.”

हे तिनं मराठीत म्हटलं होतं, म्हणजे फक्त त्याच्यासाठी.

“सुई, पाटसला माझं तोंड गप राहिलं असतं तर...”

“तर आज तो नवा होऊन घरी आला असता, आन् मी त्याला जेवाय वाढलं असतं,” सुई म्हणाली. “रोजच्यावानी. कोन हाय ते न कळता.” ती थांबली. “कोनतं वाईट, तुमीच सांगा.”

दोघे भाऊ मिंटूच्या दोन बाजूंना जाऊन उभे राहिले. थांगानं मांड्यांखालून हात मोकळे केले आणि उठून एका हातात बायबल घेतलं. दुसरा रिकामा होता. बाकीची माणसं चटया सोडून उठू लागली, नदीकडं निघायला.

हौसराव त्यांच्या आधी उठला. त्यानं घड्याळ काढलं, खिशातला मोबाईल, पाकीट, गाडीची किल्ली काढली आणि सगळं सुईच्या ओंजळीत ठेवलं. वाकून बूट काढले, मोजे काढले. विजार गुडघ्याच्या वर, जेवढी जाईल तेवढी, गुंडाळली. मग सगळ्यांच्या पुढून, कुणाकडंही न बघता तो दारातून बाहेर पडला आणि अनवाणी, भरभर, नदीत जिथं खड्डे सुरू होतात तिथं, ते येण्याआधी मधे जाऊन उभं राहायला चालू लागला.